वेढे मोजण्याचे दिवस

फेब्रुवारी सरत आला की आमच्या कर्वेनगरच्या गल्लीतला पिंपळ बघता बघता रिकामा होतो. झाडणाऱ्या बाई सकाळी पानांचा ढीग करून जातात आणि दुपारचा वारा तो पुन्हा सगळीकडे पसरून ठेवतो. पहाटे पायांवर पांघरूण लागतं, आणि ऊन वर आलं की गॅलरीच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. समोरच्या इमारतीतली दहावीची मुलगी पुस्तक धरून गच्चीवर टाकीच्या सावलीत येरझाऱ्या घालते; तिचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. परवा मी गोधड्या उन्हात घालत होते. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराला व्हार्निश लावणं चाललं होतं. तो वास वर आला आणि गोधडीचं एक टोक हातात धरून मी तशीच उभी राहिले.

हे दिवस पूर्वी परीक्षांचे होते, होळीचे होते, वाळवणांचे होते. आता ते माझ्यासाठी दादाचे झाले आहेत.

शरददादा माझा थोरला भाऊ. सगळं आयुष्य त्यानं पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढली, आणि घरी आल्यावर व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवले. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. तापल्या की आतून नारिंगी होतात. कोथरूडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत सोल्डरिंगचा वास कायमचा मुरलेला असे. वहिनी म्हणायच्या, "हे गाणं ऐकतच नाहीत. गाण्यामागची घरघर ऐकत बसतात." वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा मिहिर हैदराबादला नोकरी करतो. मी लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर दोन खोल्यांचं हे घर पुरेसं होतं. त्यामुळे काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर दादाला पक्षाघात झाला आणि हॉस्पिटलमधून त्याला न्यायचं कुठे असा प्रश्न आला, तेव्हा मी मिहिरला म्हटलं, "माझ्याकडे. आणखी कुठे?"

उजवा हात लोंबत राहिला. पाय फरफटत का होईना, चालू लागला. वाचा मात्र गेली, आणि जाताना एकच शब्द मागे ठेवून गेली. नाही.

"चहा घेतोस?"

"नाही," म्हणायचा आणि डावा हात कपासाठी पुढे करायचा.

"पंखा बंद करू?"

"नाही." आणि मान होकाराची.

सुरुवातीला मला हसू यायचं, त्यालाही यायचं. मग हळूहळू त्याचं हसणं थांबलं. आपल्या तोंडून भलताच शब्द निघतोय हे त्याला दर वेळी कळत होतं. शब्द निघाला की तो क्षणभर डोळे मिटून घ्यायचा, पायरी चुकल्यावर माणूस मिटतो तसे. भेटायला येणारे लोक आधी मोठ्यानं बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. मग त्याच्याशी बोलणं सोडून माझ्याशीच बोलायला लागायचे. "जेवण व्यवस्थित जातं का त्यांना?" तो समोर बसलेला असायचा. बोलता न येणाऱ्या माणसाला ऐकूही येत नसावं आणि कळतही नसावं, असं लोक किती सहज धरून चालतात हे मी त्या हिवाळ्यात पाहिलं.

गौरी नावाची एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी येत असे. मनानं चांगली मुलगी. "काका, शब्द आत आहेत सगळे. फक्त बाहेर यायचा रूट ब्लॉक झालाय. आपण दुसरा रूट शोधू, ओके?" ती चित्रांची कार्डं मांडायची. कप. कंगवा. छत्री. दादा त्या कंगव्याकडे बघत राहायचा. त्याचा गळा हलायचा, ओठ जुळायचे, आणि शेवटी बाहेर यायचं ते "नाही". एकदा त्यानं सगळी कार्डं एकेक करून पालथी घातली, नीट रांगेत, आणि उठून आत गेला.

मिहिरला वाटलं, गाण्यानं काही फरक पडेल. पुढच्या खेपेला त्यानं कोथरूडहून दादाचा ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन स्पीकर रिक्षात घालून आणले. दादानं डाव्या हाताच्या खुणांनी कुठली वायर कुठे ते दाखवलं. व्हॉल्व्ह उजळले. सरोदची एक जुनी रेकॉर्ड लागली आणि दादानं डोळे मिटले. कितीतरी आठवड्यांनी त्याचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. मग सुरांच्या खालून एक घरघर वर यायला लागली. आम्हाला ती ऐकू येण्याआधीच दादाचे डोळे उघडले होते. जळक्या डांबरासारखा वास आला. दादा बटणाकडे झेपावला, म्हणजे त्याचं सगळं अंग झेपावलं; सवयीनं पुढे जायचा तो उजवा हात मात्र मांडीवरच राहिला. मिहिरनं प्लग ओढेपर्यंत ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला होता.

त्यानंतर दादानं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. गौरी आली की तो डोळे उघडत नसे. हाताचे व्यायाम बंद झाले. ताटातलं निम्मं तसंच राहायला लागलं. मिहिर फोनवर शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाची चौकशी करायला लागला, आणि त्याला नाही म्हणायला माझ्याकडे ठोस कारण उरलं नव्हतं. मलाही पासष्ट ओलांडून गेलं होतं. त्याला उठवताना माझी कंबर धरायची.

अशात एका सकाळी निसारभाई आले. निसारभाई दादाचे तरुणपणापासूनचे मित्र. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, घर गंज पेठेत. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत एका दुकानाच्या काउंटरवर दोघांनी एकदम मागितलेल्या एका व्हॉल्व्हवरून त्यांची ओळख झाली होती. तो व्हॉल्व्ह दुकानातला शेवटचा होता आणि तो शेवटी कुणी नेला यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही. निसारभाई खुर्ची ओढून दादाच्या पाठीशी बसले.

"जळला म्हणे?"

दादा हलला नाही.

"हाय व्होल्टेजचं वाइंडिंग गेलं असणार. तूच केलं होतंस ना ते? तरीच."

दादाची मान वळली. "नाही."

"मग काय मी केलं होतं?"

"नाही."

"म्हणजे आपोआप झालं होतं. बरं." ते उठून स्वयंपाकघरात माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नंदाताई, हा ट्रान्सफॉर्मर आपण इथे घरीच पुन्हा गुंडाळू."

"नवा मिळत नाही का?"

"मिळतो की. ऑर्डर दिली तर आठवड्यात करून देतात."

"मग तोच आणू या ना."

"आणू. मग शरदनं काय करायचं?"

मी कपात चहा ओतत राहिले.

आमच्या जेवणाच्या टेबलावर जुनं मेणकापड अंथरलं गेलं आणि तो जड, काळवंडलेला ठोकळा त्यावर आला. ट्रान्सफॉर्मर म्हणजे एक लोखंडी डबा, एवढंच मला माहीत होतं. तो उलगडत गेला तसा मी नवल करत राहिले. बाहेरून लोखंडाचे पातळ पत्रे, इंग्रजी ई आणि आयच्या आकाराचे, एकाआड एक उलटसुलट रचलेले, व्हार्निशनं एकमेकांना घट्ट चिकटलेले. निसारभाईंनी लाकडी हातोडीनं हलके ठोके देत पहिला पत्रा सुटा केला. तो वाकला, पण मागचे सरळ निघाले. दादा डाव्या हातानं एकेक पत्रा घेऊन चिंधीनं पुसायचा आणि रचून ठेवायचा. पुसण्यासाठी पत्रा उजव्या हाताखाली दाबून धरावा लागे. त्या हातानं निदान वजन म्हणून तरी काम करायला सुरुवात केली, आणि गौरीनं ज्यासाठी इतकं विनवलं होतं ते असं न विनवता झालं.

आत बॉबिन होतं, त्यावर तांब्याची तार. थर, मग कागद, मग थर, मग कागद. बाहेरचे थर लालसर चमकदार होते. आत जावं तसा कागद तपकिरी होत गेला, मग काळा. एका ठिकाणी तार वितळून शेजारच्या थराला चिकटली होती. निसारभाई चष्मा वर करून वाकले. दादानं त्यांचा हात बाजूला सारला, त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि आमच्या दोघांकडे बघत म्हणाला, "नाही."

तोच शब्द होता, पण त्या सकाळी तो बरोबर ठिकाणी पडला. निसारभाई म्हणाले, "बरोबर. इथेच," आणि चिमटा उचलला. मी उगाचच गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसले.

नवी तार आली, बारीक, केसाहून थोडी जाड. निसारभाईंनी स्कूटरवर पायांशी ठेवून आपलं वाइंडिंगचं यंत्र आणलं. एका फळीवर बसवलेला दांडा, एका टोकाला हँडल, मध्ये बॉबिन. हँडल उजव्या हातानं फिरवायचं आणि डाव्या हाताच्या बोटांतून तार सोडायची, एका वेढ्याला लागून दुसरा, फट न ठेवता आणि एकावर एक चढू न देता. सगळी कारागिरी डाव्या हातात असते, हँडल कुणीही फिरवतं, असं निसारभाई सांगत होते आणि सांगता सांगता गप्प झाले. आम्ही तिघंही दादाच्या डाव्या हाताकडे बघत होतो.

मग ठरवावं लागलं नाही. दादा मध्ये बसला, मी त्याच्या उजव्या बाजूला. हँडल माझ्या हातात, तार त्याच्या बोटांत. दोघांचा मिळून एक माणूस पुरा झाला. यंत्रावरचा वेढे मोजणारा काटा कधीचा बिघडलेला होता, तेव्हा मोजायचं तोंडानं. एक ते दहा मी मोठ्यानं म्हणायचे आणि दहा झाले की वाटीत एक चिंचोका टाकायचे. वाटी भरत आली की निसारभाई हिशोब बघायचे. ते रोज येत नसत. आले की खुर्चीत बसून आमच्या चुका काढायचे.

ते दिवस आठवतात ते दुपारच्या उजेडानं. खिडकीतून उन्हाचा चौकोन मेणकापडावर यायचा आणि सरकत सरकत तारेच्या रिळापाशी पोचला की तार पेटल्यासारखी दिसायची. बाहेर पानं गळत होती. कोकिळा अजून बोलायला लागली नव्हती, तिची सुरुवातीची खरखर फक्त कानावर यायची. एक, दोन, तीन. घरात दुसरं बोलणं नव्हतं. ग्रंथालयात इतकी वर्षं काढल्यामुळे शांततेची मला सवय होती, पण या शांततेत दोन माणसांचं एकच काम होतं. ते मला नवीन होतं.

एकदा असंच मोजत असताना दाराची बेल वाजली. मी सातावर होते. मी दाराकडे बघितलं, कोण असेल असा विचार डोक्यात आला आणि आकडा सुटला. हँडल थांबलं.

"आठ," दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले नाही. वळले तर ते थांबेल असं वाटलं. मी हँडल फिरवलं.

"नऊ. दहा."

बेल पुन्हा वाजली. मी वाटीत चिंचोका टाकला आणि म्हटलं, "एक." दादा म्हणाला, "दोन." आवाज घोगरा होता, बरेच दिवस न उघडलेल्या खोलीसारखा, पण त्याचा होता. दारात जे कुणी होतं ते कंटाळून निघून गेलं. ते कोण होतं हे मला आजही माहीत नाही.

गौरीला मी लगेच फोन करून सांगितलं. ती मनापासून आनंदली, आणि मग जपून म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? हे ऑटोमॅटिक स्पीच असतं. आकडे, पाढे, प्रार्थना. ते एका मागोमाग एक आपोआप येतं. त्याला बोलणं नाही म्हणता येणार अजून. स्वतःहून सुरुवात करणं सगळ्यांत अवघड असतं. पण सोडू नका हं." तिचं खरं होतं. सुरुवात मलाच करून द्यावी लागे. मी "एक" म्हटलं की दादाची गाडी सुरू व्हायची; मी गप्प राहिले तर तोही तोंड किंचित उघडं ठेवून माझ्या ओठांकडे बघत राहायचा.

मला त्या मुलीचा राग आला होता. तो राग तिच्यावर नव्हता हे कळायला काही दिवस गेले.

पण प्रार्थना आणि पाढे म्हटल्यावर मला सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्या आठवल्या. वडील ऑफिसातून आले की आम्हाला पाढे म्हणायला बसवत. दादा मोठा, त्याचं सगळं तोंडपाठ. मी सतराच्या पाढ्यात सतरा साते पाशी अडायचे आणि तो वडिलांच्या पाठीमागून ओठांनी उत्तर सांगायचा. मग आम्ही दोघं पाढ्यांवर आलो. थरांच्या मध्ये कागद बसवताना मोजायचं नसे, तेव्हा मी सुरू करायचे, "सतरा एके," आणि तो म्हणायचा, "सतरा." सतरा साते पाशी मी मुद्दाम थांबायचे. "एकशे एकोणीस," दादा म्हणायचा, आणि त्याच्या तोंडाचा एक कोपरा, जो हलत होता तो, वर जायचा. एवढ्या वर्षांनी त्याला ते मोठ्यानं सांगायला मिळत होतं.

त्याच सुमारास निसारभाईंना एका दुपारी बोलायची लहर आली. ते म्हणाले, "बघा नंदाताई, एका गुंडाळीची तार दुसरीला कुठेही चिकटलेली नसते, तरी इकडची वीज तिकडे जाते. माणसांचंही..."

"नाही," दादा म्हणाला.

"बरं, नाही तर नाही," म्हणून निसारभाईंनी चहाचा कप उचलला. त्या वेळी मला वाटलं, हा माणूस बरा होवो न होवो, आत पूर्वीचाच आहे.

होळीला जोडून मिहिर आला. आल्या दिवशीच तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आत्या, मी ती जागा बघून आलो. चांगली आहे. चोवीस तास नर्स असते. तुझीही फार ओढाताण होतेय. आणि खरं सांगायचं तर बाबांना आता तसं फारसं कळत नाही. त्यांना काय, इथे काय नि तिथे काय."

तो वाईट मुलगा नाही. दमलेला होता, घाबरलेला होता, आणि बाकीच्यांसारखीच त्याचीही आवाज खाली आणायची सवय मोडली होती. दादा बाहेर टेबलापाशी तार हातात घेऊन माझी वाट बघत बसला होता. मी म्हटलं, "मला चहा टाकायचाय. तू जरा तिथे बस आणि हँडल फिरव. बाबा सांगतील तसं."

"सांगतील?"

"बस तरी. आणि 'एक' म्हण."

आधण ठेवून मी ओट्याशी उभी राहिले. मिहिरचा आवाज आला, काहीसा ओशाळलेला, "एक." मग दादाचा, "दोन. तीन. चार." हँडलचा आवाज थांबला.

"बाबा?"

"पाच," दादा म्हणाला.

हँडल पुन्हा फिरायला लागलं. मी चहात साखर घातली की नाही हे मला आठवेना.

ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा मिहिर जोरात फिरवत होता. त्याचे डोळे भरले होते, त्याला समोरचं दिसत नसावं. दादाच्या बोटांना तो वेग झेपला नाही. तारेवर तार चढली, मागचे वेढे सरकले, आणि दादानं टेबलावर पंजा आपटला. मिहिर दचकून थांबला. सबंध थर विस्कटला होता.

"सॉरी, बाबा. सॉरी." तो माझ्याकडे वळला. "आता काय करायचं, आत्या?"

"मला काय विचारतोस?"

तो खुर्ची फिरवून बापासमोर बसला आणि विचारलं, "बाबा, आता काय करायचं?" दिवाळीपासून त्यानं बापाला काही विचारलंच नव्हतं, फक्त सांगितलं होतं.

दादानं बोटानं हवेत उलटा गोल काढला. मिहिर हँडल उलटं फिरवायला लागला, सावकाश, आणि दादा सुटणारी तार ताणून धरून रिळावर परत घेऊ लागला. कितीतरी वेळ दोघं ते करत होते. चहावर साय धरली. थर पुरता उकलला, खालचा कोरा कागद दिसायला लागला, बॉबिनच्या कडेशी तारेचं टोक येऊन थांबलं. मिहिरनं हँडल सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मी पुढे होणार होते. दादानं माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. मग त्यानं तार बोटांत नीट घेतली, मुलाकडे बघितलं आणि म्हणाला,

"एक."

मी ते म्हटलं नव्हतं, मिहिरनंही नाही. त्या शब्दाच्या मागे ओढून आणणारा दुसरा कुठलाच शब्द नव्हता. मिहिरला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि हँडल धरलं. तो थर त्या दोघांनी पुरा केला. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून चिंचोके टाकत होते.

हैदराबादला परत गेल्यावर मिहिरनं फोनवर इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हटलं, "आत्या, ते जागेचं जाऊ दे. मी जास्त वेळा येत जाईन." आणि तो येत गेला.

गुंडाळून झालेलं बॉबिन पत्र्यांत परत बसवलं आणि व्हार्निशच्या डब्यात बुडवलं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ते तसंच ठेवायचं आणि मग उन्हात वाळवायचं. मार्चचं ऊन त्याला पुरेसं होतं. गॅलरीत तो ठोकळा तारेला टांगलेला असायचा, खाली थेंब झेलायला जुनी ताटली. सगळ्या जिन्यात वास पसरला. वरच्या मजल्यावरचे वाघमारे काका कठड्यावरून वाकून म्हणाले, "काय शिजतंय?"

"ट्रान्सफॉर्मर."

"बरं. झाकण ठेवा."

वाळल्यावर निसारभाईंनी तो ॲम्प्लिफायरमध्ये जोडला. पण विजेवर घ्यायच्या आधी त्यांनी मध्ये एक साधा बल्ब जोडला. आत कुठे दोष राहिला असेल तर बल्ब भक्कन पेटेल आणि पेटलेलाच राहील. सगळं ठीक असेल तर एकदा लकाकून मंद होईल. एरवी दिवा लागावा म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. त्या दुपारी आम्ही तो विझावा म्हणून बघत होतो. निसारभाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि दादाकडे बघितलं. दादानं त्यांचा हात बाजूला केला आणि डाव्या हातानं बटण स्वतः दाबलं.

बल्ब लकाकला. मग आतला लाल धागा तेवढा दिसेल इतका उतरला, आणि तोही दिसेनासा झाला.

निसारभाई बराच वेळ मीटरचे आकडे घेत राहिले, मग त्यांनी रुमालानं काच पुसून एकेक व्हॉल्व्ह बसवला. ते उजळायला थोडा वेळ लागतो. सरोदची रेकॉर्ड सुरू झाली तेव्हा दादा स्पीकरकडे तोंड करून बसला नाही. तो कान पुढे करून सुरांच्या खालचं काहीतरी ऐकत होता. वहिनी सांगायच्या तसाच. घरघर नव्हती. एक बाजू संपत आली तेव्हा त्यानं सबंध पंजा ट्रान्सफॉर्मरवर ठेवून बघितला; चटका बसत नव्हता, ठेवून राहवत होतं. त्यानं मान मागे टेकली आणि आम्हा दोघांना हातानं बसायची खूण केली.

दादा त्यानंतर दोन उन्हाळे राहिला. त्याचं बोलणं परत आलं असं मी म्हणणार नाही. शब्द आले, पाहुण्यांसारखे. काही राहिले, काही एकदाच येऊन गेले. "बस." "गरम." "उद्या." निसारभाईंना तो बरेचदा "नंदू" म्हणायचा, आणि ते ओ द्यायचे. वाक्य असं कधी झालं नाही. पण तो भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपला नाही, आणि लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलायला लागले की मी त्यांना म्हणायचे, "त्यांनाच विचारा ना." दुसरा झटका पावसाळ्यात आला आणि त्यानं फार वेळ घेतला नाही. मिहिर पोचला तेव्हा दादा शुद्धीवर होता. दोघं हातात हात घेऊन बसले होते. मी बाहेरच्या बाकावर निसारभाईंशेजारी बसले होते, कारण त्या खोलीत त्या वेळी माझं काही काम नव्हतं.

ॲम्प्लिफायर मिहिर घेऊन गेला. मीच त्याला न्यायला सांगितलं. निसारभाई अजून अधूनमधून रविवारी येतात. चहा घेतात, गॅलरीत बसतात. आम्ही फार बोलत नाही आणि त्याचं आम्हाला काही वाटत नाही.

काल मिहिरचा फोन आला. मागे रेकॉर्ड लागलेली ऐकू येत होती.

"आत्या, बराच वेळ चालू आहे. ट्रान्सफॉर्मर गरम झालाय गं. बंद करू का?"

निसारभाईंना विचार, असं मी सांगणार होते. पण तोवर माझ्या तोंडून दुसरंच निघालं होतं.

"पंजा ठेव त्याच्यावर. सबंध पंजा. ठेवून राहवतंय का?"

पलीकडून सुरांच्या वर त्याच्या पावलांचा आवाज आला.

"हो. राहवतंय."

"मग ठीक आहे. चालू दे."

फोन त्यानंही ठेवला नाही आणि मीही नाही. त्याचा हात अजून तिथेच असावा.